लग्नानंतर करार मागितला म्हणजे घटस्फोटाची तयारी?

सांजवात: ‘लग्नानंतर मालमत्तेचा करार मागणाऱ्या बाईने मनातून काडीमोड घेतलेलाच असतो.’ कालच्या धाग्यात हे वाचलं आणि डोकं फिरलं. मी असा करार केलाय. नवऱ्याच्या धंद्याच्या कर्जाच्या कागदांवर पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या. फुली दिसेल तिथे मी सही करत गेले. धंदा बसला, आईने मला दिलेली ठेव त्यात गेली. मग बसून लिहून काढलं: माझं काय, त्याचं काय, दोघांचं काय. संसार नीट चालू आहे.

रोखठोक: वाक्य माझंच, मागे घेणार नाही. हा कागद कोर्टात टिकणार आहे का? करार कायदा १८७२, कलम २३ वाचा: सार्वजनिक हिताविरुद्धचे करार रद्द. वेगळं होण्याची सोय आधीच लिहून ठेवलेले करार तिथेच अडकतात. माझ्या भावाकडे अशी यादी झाली. तेव्हापासून दोघांच्या कपाटांना वेगळ्या किल्ल्या. त्या घरी जाववत नाही.

कागदपत्री: कलम २३ म्हणजे सरसकट बंदी नव्हे. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या अपील न्यायालयाने २००८ साली मॅक्लाउड खटल्यात लग्नानंतरचा करार ग्राह्य धरलाय.

रोखठोक: परदेशातले निकाल इथे कशाला?

कागदपत्री: कारण त्यातला विचार कुठेही लागू पडतो: दबाव नको, दोघांनी सगळं उघड करायला हवं. पण सांजवातताई, तुमचा करार तुमच्या दोघांपुरता. बँकेला तो बांधत नाही. जामीनदार कर्जदाराइतकाच अडकतो, त्याच कायद्याचं कलम १२८.

उंबरठा: मुद्दा हाच! करार राहू दे बाजूला, आधी जामिनाचं बोला. ‘नुसती सही आहे’ म्हणून मीही केली होती. नोटीस आली तेव्हा कळलं आकडा केवढा आहे. घरात कोणी मान वर करून बघेना. आणि रोखठोक, तुम्हाला किल्ल्यांचं वाईट वाटतं? माझा पगार तीन वर्षं दुसऱ्याच्या कर्जात गेला.

रोखठोक: माझ्यावर का ओरडताय? मी नाही घेतली तुमची सही.

उंबरठा: तुमच्या बायकोची घेतलीत का, ते सांगा.

रोखठोक: …घेतली आहे. तिने विचारलं होतं, कशाची? मी म्हटलं, नेहमीची. करार मला अजूनही पटत नाही, पण जामिनाचं बरोबर आहे तुमचं. आज कागद काढतो.

सांजवात: काढा. आणि ती वाचत असताना पेन घेऊन शेजारी उभे राहू नका.