तरुण मृत्यूंवरचं पियानोसंगीत: नाच चालेल का?

मध्यसप्तक:
तरुण माणसं गेली आणि त्यांच्यासाठी काही रचायला बसलं, की हात आपसूक मायनर (उदास वाटणारी स्वरपंक्ती; मेजर म्हणजे उजळ), संथ लय आणि खालच्या सप्तकाकडे वळतात. मला ही वाट चुकीची वाटते. फ्रेंच संगीतकार राव्हेलची पियानोरचना ‘ल तोंबो द कूपरँ’ (१९१४–१७) घ्या. सहा भाग, सगळे पहिल्या महायुद्धात गेलेल्या मित्रांना अर्पण, आणि त्यात फोरलान, रिगोदों, मिनुएट असे चक्क नाच! रिगोदों सी मेजरमध्ये आहे, गोदँ भावांसाठी. नोव्हेंबर १९१४ मध्ये ते दोघे एकाच तोफगोळ्याने गेले. मधल्या सी मायनरच्या तुकड्यावर ‘कमी जलद’ एवढंच लिहिलंय. वादक तिथे गळा काढतात, लय पार बसते आणि परतणारा नाच ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो.

खर्ज:
नाही पटलं. अर्पणपत्रिका ऐकू येत नाही. नावं झाकली तर उरतो तो सुरेख नाचच. चेक संगीतकार यानाचेकने काय केलं? १ ऑक्टोबर १९०५ ला ब्रनोमध्ये चेक विद्यापीठासाठी निदर्शनं झाली, त्यात फ्रांतिशेक पाव्लिक हा २० वर्षांचा सुतारकामगार संगिनीने मारला गेला. यानाचेकने आपल्या सोनाटाला, म्हणजे अनेक भागांच्या पियानोरचनेला, ती तारीखच नाव म्हणून दिली. ‘पूर्वाभास’ आणि ‘मृत्यू’ हे त्यातले भाग, दोन्ही ई-फ्लॅट मायनर. ‘मृत्यू’ जवळजवळ एकाच तुटक स्वरवाक्यावर उभा आहे: सुरू होतं, अडतं, पुन्हा तेच. त्या थांब्यांवर पेडल (स्वर घुमत ठेवणारं पायपट्टं) दाबून ठेवलं की संपलंच. शांतता ऐकू यायला हवी, घुमणारा आवाज नव्हे.

काळीपट्टी:
खर्ज, त्याच सोनाटाला तिसरा भागही होता, शोकयात्रेचा. १९०६ च्या पहिल्या प्रयोगाआधी यानाचेकनेच तो जाळला. उरलेले दोन पुढे व्ल्तावा नदीत टाकले. वादक लुद्मिला तुच्कोवाकडे नक्कल होती म्हणून १९२४ मध्ये ते छापले गेले. उघड शोक त्याला स्वतःलाच नकोसा झाला, असं मी समजतो.

राव्हेल वाजवणाऱ्यांसाठी: छोटे अलंकारस्वर मात्रेवरच वाजवायचे, मात्रेच्या आधी नाही, अशी त्याची छापील सूचना आहे. आधी घेतले की ठेका सैल पडतो. शेवटच्या टोकाटातले (हा जलद बोटांचा भाग) पुनरावृत्त स्वर उभ्या पियानोवर गळतात, कारण ग्रँडसारखी (आडव्या तारांच्या मोठ्या पियानोसारखी) पट्टी अर्ध्यातून परत वाजत नाही, बरीच वर यावी लागते. बोटं पट्टीला चिकटून ठेवा, आणि स्वर गळतोय त्याच्या जरा खालच्या लयीवर थांबा.

खर्ज:
जाळला म्हणून शोक नकोसा झाला, हा तर्क ताणलेला आहे. उरलेले दोन भाग काय आनंदाचे आहेत?

मध्यसप्तक:
अर्पणपत्रिकेबद्दल एक राहिलं. टोकाटा जोझेफ द मार्लियावला अर्पण आहे. ११ एप्रिल १९१९ ला पॅरिसमध्ये पहिल्यांदा हे सहाही भाग वाजवले ते त्याच्या पत्नीने, मार्गरीत लाँने. ते नाव तिच्या बोटांत नव्हतं म्हणता?

खर्ज:
त्या सभागृहापुरतं मान्य. आज वाजवणार असाल तर कार्यक्रमपत्रिकेत सातही नावं छापा, ज्याच्या त्याच्या भागासमोर. मग नाचाला माझी हरकत नाही.