मदत हवी आहे : सिकलसेलच्या बातमीसाठी तज्ज्ञांची प्रतिक्रिया

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यात एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. येथील तपासणी शिबिराच्या प्रसिद्धिपत्रकात सोल्युबिलिटी चाचणी (रक्ताची प्राथमिक तपासणी) पॉझिटिव्ह आलेल्या सर्वांनाच ‘सिकलसेलचे’ (तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे) ‘रुग्ण’ म्हटले आहे. वास्तविक या चाचणीतून वाहक (सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेला, स्वतः सहसा आजारी नसलेला) कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी तपासणी करावी लागते. पत्रक जसेच्या तसे छापले, तर केवळ वाहक असलेल्या मुलीची सोयरीकही मोडू शकते. (बातमी गावभर वाचली जाते, दुसऱ्या दिवशीचा खुलासा कोणी वाचत नाही.) संध्याकाळी पाने लागण्यापूर्वी फोनवर, नावानिशी आणि सोप्या मराठीत प्रतिक्रिया देतील असे रक्तविकारतज्ज्ञ नागपूर किंवा सेवाग्रामकडे कोणाच्या परिचयाचे आहेत काय? शिबिराच्या आयोजकांशी त्यांचा संबंध नसावा, एवढीच अट आहे.