मदत हवी आहे : लातूरच्या कडेचा पाझर तलाव, चिलापी सोडून दुसरा मासाच दिसेना

नमस्कार मंडळी,

तलावातले मासे आणि मत्स्यबीज (तलावात सोडायची माशांची पिल्लं) यातलं कळणाऱ्यांकडून सल्ला हवा आहे. थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे उत्तर देणाऱ्याला अंदाज बांधावा लागणार नाही.

आमची वसाहत लातूर शहराच्या हद्दीला लागून आहे. शेजारीच पाझर तलाव आहे. 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामावर आमच्या आजोबांच्या पिढीनं डोक्यावर माती वाहून त्याचा बांध घातला. तेव्हा भोवती ज्वारी-तुरीची रानं होती, आता तीन बाजूंनी प्लॉटिंग झालंय. 2016 च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं तेव्हा, तलाव ठणठणीत कोरडा होता. पुढं पाऊस झाला, भोई मंडळींनी बीज सोडलं आणि काही वर्षं रोहू, कटला, मृगळ चांगला निघाला. रविवारी बांधावर वजनकाटा लागायचा, आजूबाजूच्या चार वसाहतींचं कालवण त्यावर व्हायचं.

आता गळ टाका नाहीतर फेकजाळं मारा, येते ती चिलापी. तीही तळहाताएवढी. परवा एक गळातून सोडवताना तिच्या तोंडातून पिवळट अंडी माझ्या हातावर सांडली, एवढ्याशा माशाच्या पोटी! मरळ क्वचित दिसते, तीही गवताच्या कडेला. झिंगे आहेत. कटल्याचं मात्र नाव नाही.

कारण विचारलं तर तीन माणसं तीन गोष्टी सांगतात. एक म्हणतात, 2025 च्या सप्टेंबरात जो पाऊस झाला त्यात सांडवा इतका वाहिला की मोठा मासा सगळा ओढ्याला गेला. दुसरे म्हणतात, मागच्या मासेमारीच्या ठेक्यात बारीक आसाचं (भोकांचं) जाळं ओढून बोटाएवढं पिल्लूही ठेवलं नाही. आमच्या शेजारचे भोई काका, ज्यांचा जन्म या पाण्यावर गेला, ते वेगळंच सांगतात : "कॉलनीचं पाणी नाल्यानं आत यायलंय. ढगाळ दिवस आला की सकाळी मासे वर येऊन तोंड वासायलेत. बीज टाकून काय करता, पाणी बगा अगोदर."

ते मी स्वतः पाहिलंय. दिवस उगवायच्या आधी पाण्यावर शेकडो तोंडं उघडझाप करतात आणि ऊन वर आलं की मासे खाली जातात. नाला मिळतो तिथं पाण्यावर फेस असतो, जलपर्णीही पसरत चाललीय.

वसाहतीतल्या पोरांनी वर्गणी काढलीय, जुलैत बीज आणून सोडायचं म्हणतात. त्यांचा उत्साह खरा आहे आणि मला तो मोडायचा नाही. पण कारण न कळता पैसे पाण्यात जाऊ नयेत, आणि ज्या चार-पाच घरांची चूल या तलावावर पेटायची त्यांची पुन्हा निराशा होऊ नये, एवढंच वाटतं. म्हणून विचारतो :

मोठी यंत्रं नसताना तलावात काय मासा उरलाय आणि पाणी कसं आहे, हे कसं ओळखायचं? बीज टाकावं का, टाकलं तर कोणतं आणि केवढं? चिलापी कमी करता येते का? आणि हे मासे पोराबाळांना खाऊ घालावेत का?

जाणकारांनी कृपया वेळ काढून लिहावं.

प्रतिसाद (पैठणकडचा मच्छीमार)

भाऊ, तुमचे काका बरोबर बोलायलेत. सांडव्यावरून मासा जातो, खरंय, पण सगळा जात नाही, आणि ओढ्याला पूर असला की खालचा मासा चढूनही येतो. बारीक जाळ्याचंही खरं असंल. पण तुमच्याकडं उरलंय काय ते बगा. मरळ वर येऊन हवा घेती, पाणी खराब झालं तरी तगती. चिलापी घाण पाण्यातही निभावून नेती. कटला सगळ्यात नाजूक, तो पहिला गेला. जाळ्यानं किंवा पुरानं नेलं असतं तर रोहू-मृगळाचं एखादं तरी गळाला लागलं असतं की.

गळ टाकताना एक करा. सगळ्या पोरांनी एकाच जागी बसू नका. एक जण खोल पाण्यात बांधाकडं, एक नाल्याच्या तोंडाला, एक उथळात गवताकडं. कोणाला गांडूळ द्या, कोणाला शेंगदाण्याच्या पेंडीत कणीक मळून गोळा द्या. रोहू-मृगळ पेंडीला येतो, मरळीला बेडूक लागतो. काय निघालं, केवढं निघालं, कुठं निघालं ते वहीत लिहा. दोन-तीन महिन्यांत तलावाचा हिशोब कळतो.

प्रतिसाद (प्राणिशास्त्राच्या शिक्षिका, परभणी)

धाग्यातलं वर्णन फार नीट आहे, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं.

पहाटे मासे तोंड वासतात आणि उन्हात खाली जातात, याचा अर्थ पाण्यात प्राणवायू कमी पडतोय. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री तेच तो वापरतं. सांडपाण्यानं शेवाळ वाढलं, तळाला गाळ कुजू लागला, की सूर्योदयाच्या जरा आधी साठा सगळ्यात खाली जातो. ढगाळ दिवसानंतर आणखीच. रोहू-कटल्यासारख्या कार्प माशांना लिटरला 5 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मानवतो, 3 च्या खाली त्यांचे हाल होतात. मत्स्यशेती करणाऱ्यांकडे तपासणीची छोटी पेटी असते, ती मागून पहाटे आणि दुपारी अशी दोन वेळा मोजणी करा. फक्त दुपारची मोजणी केलीत तर सगळं छान दिसेल.

काही विकत न घेता करायची तपासणी म्हणजे कोपरापर्यंत हात सरळ पाण्यात घालायचा. तळवा अंधुक हिरवा दिसला तर पाणी साधारण ठीक. मनगट बुडताच हात दिसेनासा झाला तर शेवाळ फार झालंय. पण मातीनं गढूळ पाण्यात ही युक्ती चालत नाही.

कधी मासे मेलेच तर आधी कोण मेलं ते बघा. मोठे आधी, आणि पहाटे, तर बहुधा प्राणवायूची कमतरता. लहान-मोठे एकदम, भर दुपारी, तर औषध किंवा रसायन पाण्यात आलंय असा संशय धरा आणि तो मासा कोणीही उचलू नये.

चिलापीबद्दल : तुमच्या हातावर सांडली ती अंडी पोटातली नव्हती. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. मोझांबिक चिलापी भारतात 1952 साली आणली गेली. साचलेल्या पाण्यात ती वर्षातून अनेकदा विते आणि गर्दी झाली की तळहाताएवढी असतानाच वयात येते, म्हणून तुमच्याकडं खुजी प्रजा झालीय. संपवणं शक्य नाही, पण सतत धरत राहिलात तर दाटी कमी होते. रोहू, कटला, मृगळ याच्या उलट. त्यांना विण्यासाठी पुराचं वाहतं पाणी लागतं, साचलेल्या तलावात त्यांची वीण होत नाही. म्हणून बीज दरवर्षी टाकावं लागतं. एक-दोन वर्षं टाकलं नाही, तरी ते दिसेनासे होतात. तुमच्या तलावात शेवटचं बीज कधी पडलं, हे काकांना नक्की विचारा. पाण्याइतकंच तेही कारण असू शकतं.

बीज टाकायचं ठरलं तर जिरे (अगदी बारीक, नुकतीच जन्मलेली पिल्लं) स्वस्त मिळतं म्हणून आणू नका, ते मरळ आणि चिलापीच्या पोटात जाईल. 80 ते 100 मिलिमीटरची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्लं, घ्या. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला, म्हणून तिन्ही घ्यावेत. तुमच्या पाण्यात मात्र कटल्याचा वाटा कमी ठेवा. पिशव्या आणल्या की तशाच पंधरा-वीस मिनिटं तलावावर तरंगू द्या, मग तोंड उघडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्या, पिल्लं आपणहून बाहेर पडतील. आणि कोणी थाई मांगूर (मूळचा परदेशी मासा) सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. त्यावर 2000 सालापासून देशात बंदी आहे, तो बाकीचं सगळं खातो.

खाण्याबाबत : घरगुती सांडपाणीच येत असेल तर कल्ले आणि आतडी टाकून, चांगला शिजवून खाता येतो. तरंगत मेलेला किंवा वर येऊन धापा टाकणारा मासा घेऊ नये. नाल्यात कारखान्याचं किंवा गॅरेजचं पाणी मिळत असेल तर तपासणी होईपर्यंत मुलांना देऊ नका.

मूळ धागालेखक

दादा, बाई, दोघांचेही मनापासून आभार. काकांना वाचून दाखवलं. 2023 ला पाऊस कमी झाला तेव्हापासून बीज पडलेलं नाही म्हणाले. म्हणजे दोन्ही कारणं आहेत.

पोरांशी बोललो. वर्गणी तशीच ठेवून यंदा आधी नाल्याच्या तोंडाला जलपर्णी काढायची, गळाची वही लिहायची आणि पहाटेची मोजणी करायची, यावर बरेचसे तयार आहेत. वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल नगरसेवकांकडे सह्यांचा अर्ज देतोय. ठेक्याची मुदत संपलीय असं ऐकतो, तेव्हा तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते कागदावर बघूनच बीजाला हात लावू, नाहीतर आमच्या बोटुकलीवर दुसराच कोणी जाळं ओढायचा.

एक राहिलं : लातूर-नांदेड भागात कोणाकडं प्राणवायू मोजायची पेटी असेल आणि दोन-तीन पहाटे वापरायला देता येईल, तर कळवा. न्यायला आणि परत पोचवायला मी येतो.