ख्रिस्तातली ओळख पटते, पण वागण्यात उतरत नाही. रोज काय करावं?

शोधक:
विश्वासणारा ख्रिस्तामध्ये नवी उत्पत्ती आहे (२ करिंथ ५:१७), हे पटतं. तरी चिडचिड, वेळ मारून नेण्यासाठी खोटं बोलणं, लोक काय म्हणतील ही धास्ती तशीच राहते. ओळख बदलली तर वागणं का बदलत नाही?

द्राक्षवेल:
आधी क्रम तपासा. बायबलमधल्या पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या पहिल्या तीन अध्यायांत देवाने काय केलं ते आहे: निवडलं, दत्तक घेतलं, ख्रिस्ताबरोबर जिवंत केलं. तिथे वाचकांना आज्ञा एकच, २:११ मधली, आठवण ठेवण्याची. ४:१ ला 'म्हणून' येतं आणि मग आज्ञांची रांग लागते. बरेच जण थेट चौथ्या अध्यायात शिरतात आणि चांगलं वागून देवाचं लेकरू व्हायला बघतात. येशूला 'माझा प्रिय पुत्र' म्हटलं गेलं ते बाप्तिस्म्याच्या वेळी, सेवाकार्य सुरू होण्याआधी (मत्तय ३:१७). पुढच्याच अध्यायात सैतान नेमका त्याच शब्दाला हात घालतो: 'तू देवाचा पुत्र असशील तर'.

दोन आठवडे रोज इफिस १:३-१४ मोठ्याने वाचा. प्रत्येक क्रियापदापुढे कर्ता कोण ते समासात लिहा. बहुतेक ठिकाणी देव निघेल.

पहाटतारा:
त्यानंतर एकच सवय घ्या. इफिस ४:२५ पासून पौल बहुतेक वेळा तीन गोष्टी जोडून सांगतो: काय टाकायचं, त्याजागी काय धारण करायचं, आणि का. लबाडी टाका, खरं बोला, कारण आपण एकमेकांचे अवयव आहोत. चोरी करणाऱ्याने नुसतं थांबायचं नाही. हातांनी कष्ट करायचे, गरजवंताला द्यायला जवळ काही असावं म्हणून (४:२८). वहीत असेच तीन रकाने करा. बहुतेकांचा मधला रकाना कोरा राहतो आणि जुनी सवय परत येते. तिसरा गाळला तर नुसता निग्रह उरतो, तो फार टिकत नाही.

शोधक:
आणि पुन्हा घसरलो तर? ओळखच खोटी वाटायला लागते.

द्राक्षवेल:
वाटण्यावरून ठरवू नका. रोम ६:११ मधल्या 'माना' या शब्दामागचा ग्रीक शब्द हिशेबात धरण्याचा आहे. जमा झालेली रक्कम मन उदास आहे म्हणून वहीतून पुसली जात नाही. पण पाप झाकूही नका. 'मी वाईटच' असं मोघम नको. 'अमक्याला अमुक खोटं सांगितलं' असं नाव घेऊन त्याच दिवशी कबूल करा (१ योहान १:९), मग त्या माणसाकडे जाऊन दुरुस्त करा.

पहाटतारा:
हे एकट्याने करू नका. इफिसकरांसमधल्या या बहुतेक आज्ञा 'तुम्ही' अशा अनेकवचनात, मंडळीला आहेत. विश्वासात मुरलेल्या एका व्यक्तीबरोबर आठवड्यातून एकदा ती वही उघडा. मधल्या रकान्यापासून सुरुवात करा.