चौकडी, चौकट की चेक्स?

धनकवडी
मुलगी गणवेशाला ‘चौकटींचा फ्रॉक’ म्हणते, माझी आई ‘चौकडीचा’ म्हणते आणि लक्ष्मी रोडवर कुठल्याही दुकानात गेलं तरी ‘चेक्स’ हाच शब्द कानावर पडतो. यांतला कोणता धरावा? पोळ्या गुंडाळायचं फडकं, उशीचे अभ्रे, टेबलावरचं कापड, या सगळ्यांना एकच शब्द चालेल का?

सदाशिव पेठ
ताई, तुमच्या आईंचा शब्द धरा. चौकट दाराला असते, फोटोला असते; ती एका गोष्टीला चारही बाजूंनी बंद करते. रुमालाला कडेने एकच रंगीत पट्टा असेल तर त्याला चौकट म्हणणं शोभेल. कापडभर उभ्या-आडव्या पट्ट्या एकमेकींना छेदत जातात तेव्हा ती चौकडी. चौकडा म्हटलं तर जुन्या माणसांना कानातला चार मोत्यांचा दागिना आठवेल आणि चौकडी युगांचीही असते, पण ‘चौकडीचं लुगडं’ म्हटल्यावर कुणाचा घोटाळा होत नाही.

चौकडीची खरी गंमत विणीत आहे. सूत आधी रंगवतात, मग मागावर उभार (उभे धागे) आणि आडवण (आडवे धागे) दोन्हींत रंगांचे पट्टे ठरावीक क्रमाने घालतात. दोन्हींत पांढरा आणि निळा असेल, तर पांढऱ्यावर पांढरा आला की पांढरा चौकोन, निळ्यावर निळा आला की गडद आणि पांढरा-निळा भेटले की मधली फिकट छटा. म्हणजे दोन रंगांत तीन छटा. तीन रंग घेतले तर सहा, चार घेतले तर दहा. गणवेशात नेहमी दिसणारं पांढरं आणि एका रंगाचं, सारख्या रुंदीच्या पट्ट्यांचं कापड म्हणजे जिंगम. हे नाव मलय भाषेतल्या ‘पट्टेरी’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलं असं मानतात. टार्टन, म्हणजे स्कॉटलंडचं पारंपरिक रंगीत चौकडीचं कापड, मात्र टार्टनच राहू द्यावं. स्कॉटलंडमध्ये त्याच्या रचनांची अधिकृत नोंदवही आहे, 2008 मध्ये त्यासाठी कायदा झाला. त्याला नुसतं ‘चौकडी’ म्हटलं की ती सगळी ओळख पुसली जाते.

कोथरूड
शिवणकाम करते म्हणून लिहिते. आमच्यात ‘चेक जुळवणे’ असंच म्हणतात. बाजूची शिवण, खिसा, पुढची पट्टी, सगळीकडे रेघ सलग यायला हवी, म्हणून साध्या कापडापेक्षा जास्त कापड घ्यावं लागतं. चौकडी जितकी मोठी तितकं जास्त. खिसा जुळवायचा नसेल तर तो उरेब कापतात, मग चौकोन तिरपे दिसतात आणि ते मुद्दाम केल्यासारखं छान दिसतं. गिऱ्हाइकांना मी ‘बारीक चौकडी’, ‘मोठी चौकडी’ असं विचारते आणि तरुण मुलींनाही ते लगेच कळतं.

हडपसर
इरकलीचा उल्लेख हवाच. कर्नाटकातल्या इलकल गावची ही साडी, पदर लाल रेशमी, त्यावर पांढरे पट्टे. अंगात मात्र कधी साधी, कधी रेघांची, कधी चौकडीची. माझ्या आजीकडे बारीक चौकडीची होती. सोलापुरी चादरीला मात्र चौकडी म्हणू नका. तिची नक्षी जॅकार्डवर (मागावर बसवलेल्या नक्षी विणायच्या यंत्रणेवर) निघते, तिथे उभारातले धागे हवे तसे निवडून उचलता येतात, म्हणून फुलं-पानंही विणता येतात.

धनकवडी
आणि चौकडी नुसती छापलेली असेल तर?

सदाशिव पेठ
मग ‘छापील चौकडी’ म्हणा, आणि विकत घेताना हा फरक जरूर विचारा. कापड उलटून बघा. विणीतली साधी चौकडी दोन्ही बाजूंनी सारखीच असते, छापील मागून फिकी दिसते. शिवाय छपाई धाग्याला धरून सरळ आलेली नसेल, तर कोथरूडच्या ताई कितीही कुशल असल्या तरी रेघ वाकडीच दिसणार. अभ्रे असोत की फडकी, शब्द चौकडीच चालेल.