मोटरहोमच्या टॉयलेटच्या लाइनला वेगळा कॉक बसवता येईल का?

ओहायोकर:
नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी जुना क्लास सी मोटरहोम (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली राहायची गाडी) घेतला. टॉयलेटच्या पेडलचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, रात्रभर थेंब थेंब पाणी जातं, सकाळी भांडं काठोकाठ आणि मध्येच पंप घर्र करून चालू झाला की पोरं दचकून उठतात. नवीन व्हॉल्व्ह मागवलाय पण तोपर्यंत अख्ख्या गाडीचं पाणी बंद ठेवावं लागतंय, सोबत आई असते, तिला रात्री हात धुवायलाही पाणी नाही. फक्त टॉयलेटच्या लाइनला कॉक टाकता येईल का? पाइप पांढरा अर्धा इंची आहे, प्लंबिंग कधी केलेलं नाही.

टेक्ससचा काका:
येतो की, जमेल तुला. आधी पाइपवर पेक्स (लवचिक प्लास्टिकचा पाण्याचा पाइप) छापलंय का बघ. मग हीटर बंद, पंप बंद, बाहेरची होज काढ आणि गार-गरम सगळे नळ उघडून प्रेशर उतरू दे, खालचा ड्रेनही उघड, घाईत इथेच लोक चुकतात आणि पाइप कापला की अंगावर फवारा. करवत वापरू नकोस, पेक्सचा कटर घे, काप सरळ आला पाहिजे. क्वार्टर टर्नचा बॉल व्हॉल्व्ह आण, म्हणजे आत गोळा असलेला, पाव फेरीत उघड-बंद होणारा कॉक. जोड आवळायला अडचणीच्या जागी तांब्याच्या रिंगपेक्षा स्टीलचा क्लॅम्प सोपा, त्याचं टूल एका बाजूने लागतं. टूल वापरायचंच नसेल तर पुश-फिट, म्हणजे नुसता दाबून बसणारा जोड, पण पाइप किती आत जायला हवा ते आधी पेनने मार्क कर.

वाटसरू:
काकांशी सहमत, फक्त एक. पाइप करडा निघाला तर थांबा. १९९५ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांत पॉलीब्युटिलीन नावाच्या प्लास्टिकचा पाइप असायचा, ते क्लोरीनने ठिसूळ होतं, त्याला साधी पेक्सची फिटिंग लावू नका, खास जोड मिळतो. आणि गाडी हादरते हो, कॉकच्या दोन्ही बाजूंना पाइप क्लिपने भिंतीला बांधा. कॉक हात पोचेल अशा जागीच हवा, रात्री अंधारात शोधायचा असतो तो.

ओहायोकर:
पेक्सच निघाला! काल बसवला, क्लॅम्पवाला. कॉक बंद ठेवून पंप चालू केला, प्रेशर भरून पंप थांबला तो तासभर परत चालू झाला नाही, म्हणजे गळती तिथलीच होती आणि नवे जोडही घट्ट आहेत. आई काल रात्री दोनदा उठली, पाणी होतं. दोघांचे मनापासून आभार.

टेक्ससचा काका:
शाब्बास! तुमच्याकडे थंडी कडक, म्हणून अजून एक. पूर्ण उघड्या किंवा पूर्ण बंद बॉल व्हॉल्व्हच्या आत गोळ्याभोवती पाणी अडकून राहतं, ते गोठलं की बॉडी तडकते. हिवाळ्यासाठी लाइन रिकामी करताना कॉक अर्धवट, ४५ अंशांवर ठेव, आणि गुलाबी अँटिफ्रीझ (पाइप गोठू नयेत म्हणून भरायचं द्रव) भरशील तेव्हा कॉक उघडून पेडल दाब, ते टॉयलेटपर्यंत गुलाबी आलेलं बघ.