ऑनलाइन कॅशबॅकपुढं नागपूरच्या बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजार) मोबाईल दुकानदारानं काय करावं?

काल एक पोरगं आलं. अर्धा तास फोन हाताळला, कॅमेरा पाहायला माझाच फोटो काढला, अन् माझ्याच काउंटरला टेकून ऑनलाइन मागवला. म्हणे, "काका, कार्डावर दोन हजार कॅशबॅक आहे." माझं मार्जिनच तेवढं नाही बाप्पा! तेच कार्ड माझ्या मशीनवर घासलं तर कॅशबॅक शून्य. याला काही नियम आहे का नाही?

उत्तर १: आहे ना भाऊ. डिसेंबर २०१८ ची प्रेस नोट २, म्हणजे परकीय गुंतवणुकीबद्दलचा केंद्र सरकारचा नियम, लागू १ फेब्रुवारी २०१९ पासून. परकीय गुंतवणूक असलेल्या मार्केटप्लेसच्या (दुसऱ्यांचा माल विकू देणारी ऑनलाइन साइट) ग्रुप कंपनीनं दिलेला कॅशबॅक भेदभाव करणारा नको. पण देणारी बँक असेल तर? नियम बोलतो ग्रुप कंपनीबद्दल, गोम तिथंच आहे.

उत्तर २: याबद्दल सरकारकडं निवेदन देताना बिलांच्या झेरॉक्स जोडा, नुसत्या घोषणांनी काही होत नाही. मागच्या वेळी आपण चहा पिऊन परतलो होतो.

प्रश्नकर्ता: झेरॉक्स काढतो. ते पोरगं आज परत आलं होतं, टेम्पर्ड ग्लास लावायला. दीडशे घेतले, एक रुपया कमी केला नाही.